हवेचं उष्टं

आजोबा आलोईस काच फुंकायचे.
नळीच्या एका टोकाला लालभडक गोळा,
दुसऱ्या टोकाला ते, डोळे मिटून.
साठीला त्यांचे गाल
वाळत घातलेल्या पिशव्यांसारखे लोंबू लागले.
यिझेराच्या डोंगरातलं अख्खं गाव
त्यांनी फुंकलेल्या बाटल्यांतून
त्यांचं उष्टं पाणी प्यायचं.
कुणी तक्रार केली नाही.

त्याच डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आता
तासाला अठरा हजार बाटल्यांत भरतात.
मी तिथे हवा तपासते.

गुत्त्यात हे सांगितलं की लोक हसतात.
हवा? ब्लाझेना, हवा खायची असते!
पण पाण्याआधी बाटलीत तीच शिरते,
चाळीस बारच्या दाबाने
बोटभर प्लास्टिकला पोट आणते,
झाकण ढकलते, गळ्याभोवतीचा थेंब उडवते,
आणि निघून जाते. लेबलावर
झऱ्याचं नाव असतं, खनिजांची यादी असते.
हिचं नाव नसतं.

म्हणून मी तिला नळावर अडवते.
दवबिंदू उणे चाळीस, ठीक.
धुळीचे कण मोजून घेते.
मग चिकट खळीच्या बशीवर तिला फुंकर घालू देते
आणि बशी तीन दिवस उबेला ठेवते.
बहुतेकदा काहीच उगवत नाही.
तेच माझं पीक.

जानेवारीत तेलाची वाफ वाढली.
घनमीटरमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग चालतो,
त्याच्या तिप्पट. आणि फक्त पहाटे, तीन ते पाच.
राडोवान मेकॅनिक कॉम्प्रेसरवर हात ठेवून म्हणाला,
माझ्या मशीनमध्ये तेलाचा थेंब नाही,
तुझंच मीटर पिऊन येत असेल.

चौथ्या रात्री मी थांबले.
उणे चौदा. कारखान्याच्या मागच्या भिंतीत
हवा आत ओढणारी जाळी,
आणि जाळीखाली एक ट्रक, इंजिन चालू.
धूर सरळ वर चढत होता
आणि आमचा कारखाना तो नाकाने ओढत होता,
अगदी सभ्यपणे, आवाज न करता.

काचेवर टकटक केली.
आतला माणूस दचकून उठला,
आधी कागद पुढे केले, मग तोंड दाखवलं.
ओस्ताप. कार्पेथियाच्या पलीकडचा.
फाटक सहाला उघडतं; तोवर झोपायचं कुठे?
हे त्याने बोटांनी सांगितलं.
मी जाळी दाखवली, धूर दाखवला,
मग बाटली तोंडाला लावल्यासारखं केलं.

त्याने झटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला,
जणू सगळ्या बाटल्या
त्यानेच उष्ट्या केल्या होत्या.

इंजिन बंद झालं.
लगेच ऐकू आली ती थंडी.

कॉम्प्रेसरच्या खोलीत एकतीस अंश असतात,
उगीच, कुणासाठीही नाही.
दारावर पाटी: बाहेरच्यांना मज्जाव.
मी पाटीकडे पाठ करून दार उघडलं.
पाणी निथळवणारी झडप मिनिटाला एकदा फिस्स करायची,
तेवढ्यानेही तो उठला नाही.
सहाला निघताना माझ्या हातात चार अक्रोड.
दोन आम्ही तिथेच फोडले.

अहवालात लिहिलं:
कारण, बाहेरील वाहन. उपाय, वाहन हलवले,
कोळशाचा फिल्टर बदलला.
चालकाचं काय, असा रकानाच नव्हता.
दुसऱ्या रात्री आकडा खाली आला
आणि खालीच राहिला.

पण राडोवानने विचारलंच,
खुर्चीखाली ही टरफलं कुणाची?
उंदीर असतील, मी म्हणून गेले.
खाण्यापिण्याच्या कारखान्यात हे कुणी बोलतं का!
त्याने तातडीने नोंद केली.

तर सध्या मी
हवा तपासते,
आणि उंदीरही.